फोटोडायोड हातात घेताना: उजेड कसा मोजायचा आणि कोणता डायोड कशासाठी घ्यायचा

फोटोडायोड शिकायला घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्यावी: मल्टिमीटरचा नॉब व्होल्टवरून मायक्रोअँपिअरवर आणायची. हा डायोड उजेडाच्या प्रमाणात करंट देतो. व्होल्टेजही देतो, पण ते उजेडाच्या प्रमाणात वाढत नाही, आणि नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. म्हणून या लेखात आधी डायोडच्या आत काय घडतं ते पाहू, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणलेल्या थोड्याशा सामानाने ते घरच्या टेबलावर मोजू, आणि मगच प्रकारांकडे वळू. प्रकार आधी पाठ केले तर ती नुसती नावं राहतात. एकदा मोजमाप हातून झालं की पिन, ॲव्हलांच, शॉट्की ही मंडळी कोणत्या अडचणीवरचा उपाय म्हणून आली ते सहज कळतं.

आत काय घडतं

सिलिकॉनच्या एका भागात बोरॉनसारखं मूलद्रव्य अगदी थोडं मिसळलं की तो भाग पी होतो. तिथे विवरं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, भरपूर असतात. दुसऱ्या भागात फॉस्फरस मिसळला की तो एन होतो आणि तिथे मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात. दोन्ही भाग जिथे भेटतात तिथे इलेक्ट्रॉन पी बाजूला आणि विवरं एन बाजूला सरकतात, एकमेकांत मिसळून नाहीशी होतात, आणि सीमेवर एक पट्टा मोकळा पडतो. या पट्ट्यात हिंडणारे भार उरत नाहीत. उरतात ते जागेवर खिळलेले आयन, म्हणजे भारित अणू, आणि त्यांच्यामुळे पट्ट्यात कायमचं विद्युत क्षेत्र तयार होतं. याला डिप्लीशन थर म्हणतात. फोटोडायोडचं सगळं काम या थरावर चालतं.

आता त्यावर उजेड पडू द्या. पुरेशा ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सिलिकॉनमध्ये शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी एक विवर राहतं. ही जोडी डिप्लीशन थरात जन्मली तर तिथलं क्षेत्र इलेक्ट्रॉनला एन बाजूकडे आणि विवराला पी बाजूकडे लगेच ओढून नेतं. बाहेरून तार जोडलेली असेल तर करंट वाहतो. हा करंट साध्या डायोडच्या नेहमीच्या वाहण्याच्या उलट दिशेचा असतो: बाहेरच्या सर्किटमध्ये तो ॲनोडमधून, म्हणजे पी बाजूच्या पायातून, निघतो आणि कॅथोडमध्ये, म्हणजे एन बाजूच्या पायात, परत येतो. ही दिशा डोक्यात पक्की बसवा, पुढे सर्किट जोडताना तिचीच गरज पडते.

जोडी थराबाहेर जन्मली तर? मग तिला ओढणारं कोणी नसतं. ती भटकत थरापर्यंत पोहोचली तर मोजली जाते, पण उशिरा. वाटेत इलेक्ट्रॉन आणि विवर पुन्हा एकत्र आले तर तो फोटॉन वायाच गेला. पुढे पिन डायोड का आला, याचं मूळ या दोन वाक्यांत आहे.

पी आणि एन भेटतात त्या सीमेची, म्हणजे पी-एन जंक्शनची, ओळखच मुळी उजेडामुळे झाली, हे मला फार सुंदर वाटतं. १९४० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रसेल ओल यांच्याकडे सिलिकॉनचा एक तुकडा होता, आत तडा असलेला. त्यावर उजेड पडला की व्होल्टेज तयार होत होतं. तड्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या अशुद्धी होत्या, म्हणजे निसर्गतःच तयार झालेलं जंक्शन होतं. ट्रान्झिस्टर यायला तेव्हा अजून काही वर्षं होती.

ऊर्जा, तरंगलांबी आणि खोली

सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. फोटॉनची ऊर्जा तरंगलांबीवर ठरते आणि हिशेब सोपा आहे: १२४० ला इलेक्ट्रॉनव्होल्टने भागा, नॅनोमीटर मिळतात. १२४० भागिले १.१२ म्हणजे सुमारे ११००. याचा अर्थ ११०० नॅनोमीटरपेक्षा लांब लाटेचा प्रकाश सिलिकॉनला दिसतच नाही, तो आरपार निघून जातो. आपले डोळे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर पाहतात. टीव्हीच्या रिमोटचा एलईडी ९४० च्या आसपास चमकतो, म्हणजे आपल्याला अदृश्य आणि सिलिकॉनला लख्ख.

दुसरी गोष्ट खोलीची, आणि ती पुष्कळ ठिकाणी सांगायची राहते. निळा प्रकाश सिलिकॉनच्या पृष्ठभागाजवळच, अर्ध्या मायक्रोमीटरच्या आत, बराचसा शोषला जातो. लाल प्रकाशाला तीन-चार मायक्रोमीटर लागतात. रिमोटचा अवरक्त प्रकाश पन्नासेक मायक्रोमीटर खोल जातो. त्यामुळे निळ्यासाठी बनवलेल्या डायोडमध्ये जंक्शन अगदी वर ठेवावं लागतं आणि अवरक्तासाठी जाड थर लागतो.

किती उजेडाला किती करंट, याला रिस्पॉन्सिव्हिटी म्हणतात आणि ती अँपिअर प्रति वॅटमध्ये सांगतात. प्रत्येक फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन मिळाला असता तर ९०० नॅनोमीटरला ९०० भागिले १२४०, म्हणजे ०.७३ अँपिअर प्रति वॅट मिळाले असते. चांगला सिलिकॉन डायोड तिथे ०.६ च्या आसपास देतो. निळ्या प्रकाशाला हाच आकडा बराच कमी असतो, कारण एका वॅटमध्ये निळे फोटॉन संख्येने कमी असतात. डायोड निळ्यासाठी खराब आहे असा निष्कर्ष त्यावरून लगेच काढू नका.

पायरी १: सामान आणा

लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनला उतरलं की चालत पोहोचता येतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवार किंवा आठवड्यातला दिवस धरा.

दुकानात नुसतं 'फोटोडायोड द्या' म्हणू नका. काउंटरवर फोटोडायोड, फोटोट्रान्झिस्टर, अवरक्त एलईडी आणि रिमोटचा तीन पायांचा रिसिव्हर हे सगळं 'आयआर सेन्सर' या एका नावाने फिरतं, आणि पाच मिलिमीटरच्या गोल घुमटीत ते दिसतातही सारखे. पार्ट नंबर सांगा. सुरुवातीसाठी माझी पसंती बीपीडब्ल्यू३४ ला आहे: पारदर्शक प्लास्टिकचा चपटा चौकोनी तुकडा, दोन पाय, आत साडेसात चौरस मिलिमीटरची काळसर सिलिकॉन चिप स्पष्ट दिसते. तो दृश्य आणि अवरक्त दोन्ही पाहतो, सुमारे ४३० पासून ११०० नॅनोमीटरपर्यंत, आणि सर्वांत संवेदनशील ९०० जवळ असतो. त्याची माहितीपत्रिका सविस्तर आणि वाचायला सोपी आहे.

सोबत एक ब्रेडबोर्ड, १०० किलोओहम आणि १ मेगओहमचे रेझिस्टर, एमसीपी६००२ हा ऑप-ॲम्प (बारीक संकेत मोठा करणारी चिप), ०.१ मायक्रोफॅरडचे दोन-तीन कपॅसिटर आणि पाच व्होल्टचा पुरवठा घ्या. मोबाइलचा जुना चार्जर पुरवठ्याला चालतो, पण सुरुवातीला तीन पेन्सिल सेल बरे, त्यात चार्जरची खरखर नसते. मल्टिमीटर असा पाहा ज्यावर २०० मायक्रोअँपिअरची डीसी रेंज आहे. काही स्वस्त मीटरवर ती २००० पासूनच सुरू होते, तिथे घरातल्या उजेडाचं वाचन नीट मिळत नाही.

पायरी २: पाय ओळखा, आणि वस्तू खरी आहे का ते तपासा

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, डायोड खिडकीकडे धरा आणि दोन पायांना प्रोब लावा. वाचन अधिक आलं तर लाल प्रोब ज्या पायाला आहे तो ॲनोड. उणे आलं तर उलट. बॅटरी न जोडता वाचन येतं, हीच फोटोडायोडची ओळख. फोटोट्रान्झिस्टर अशा तपासणीत फारच कमी दाखवतो, आणि तीन पायांचा रिमोट रिसिव्हर तर पुरवठ्याशिवाय चालतच नाही.

काळ्या प्लास्टिकचा डायोड आणला असेल तर सावध राहा. ते काळं प्लास्टिक दृश्य प्रकाश अडवणारं फिल्टर आहे. घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यात अवरक्त जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्या दिव्याखाली हा डायोड मेल्यासारखा वाटतो. दुकानात परत न्यायच्या आधी तो खिडकीतल्या उन्हात धरून पाहा किंवा त्यावर रिमोटचं बटण दाबा.

पायरी ३: व्होल्टेज आणि करंट, दोन्ही मोजून फरक पाहा

ही पायरी गाळू नका, सगळ्यात जास्त शिकवणारी हीच आहे. कागदावर तीन ओळी आखा: खोलीतला दिवा, खिडकीतली सावली, थेट ऊन. प्रत्येक ठिकाणी आधी व्होल्टेज आणि मग करंट लिहा. करंट मोजताना मीटरचे दोन प्रोब थेट डायोडच्या दोन पायांना लागतात, मध्ये काहीच नाही. डायोडला शॉर्ट केल्याने काही बिघडत नाही, तो जेवढा करंट तयार करतो तेवढाच वाहतो. उन्हात जाताना मात्र मिलिअँपिअरची रेंज लावा.

खोलीत टेबलावर व्होल्टेज पाव व्होल्टच्या आसपास आणि करंट दोन-तीन मायक्रोअँपिअर दिसेल. दिवा किती दूर आहे त्यावर हे कमी-जास्त होईल. भर उन्हात व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या थोडं अलीकडे थांबेल, पण करंट दोन मिलिअँपिअरच्या पुढे जाऊ शकतो. उजेड साधारण हजार पटींनी वाढला, करंटही हजार पटींनी वाढला, आणि व्होल्टेज दुप्पटसुद्धा झालं नाही.

कारण असं की बाहेर तार नसताना तयार झालेले भार डायोडमध्येच साठतात, डायोड पुढच्या दिशेने थोडा चालू होतो आणि तो करंट आतल्या आत परत गिळतो. डायोडचं पुढच्या दिशेचं वागणं घातांकी असतं. म्हणून खोलीच्या तापमानाला उजेड दहापट झाला की व्होल्टेज जेमतेम ६० मिलिव्होल्टनी वाढतं. प्रोबनी शॉर्ट केलं की भार बाहेरच्या वाटेने जातात, आतला रस्ता चालूच होत नाही, आणि करंट उजेडाशी सरळ रेषेत राहतो. चांगल्या सिलिकॉन डायोडमध्ये ही सरळ रेषा उजेड कित्येकदा दहापट होत गेला तरी टिकते. उजेड मोजण्याच्या उपकरणांत फोटोडायोडला इतका मान आहे तो यामुळे. कॅडमियम सल्फाइडचा एलडीआर स्वस्त आहे, रस्त्यावरचा दिवा संध्याकाळी लावायला पुरतो, पण त्याला बदलायला मिलिसेकंद लागतात, आधीचा उजेड तो काही काळ लक्षात ठेवतो आणि त्याचं वाचन सरळ रेषेत नसतं.

पायरी ४: उलट व्होल्टेज द्या

डायोडचा कॅथोड पुरवठ्याच्या अधिकाला जोडा. ॲनोडपासून १०० किलोओहमचा रेझिस्टर जमिनीला, म्हणजे पुरवठ्याच्या उण्याला. रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. एक मायक्रोअँपिअरला ०.१ व्होल्ट मिळेल. इथे आपण व्होल्टेज वाचत असलो तरी मोजतोय करंटच, रेझिस्टरने फक्त भाषांतर केलं.

या जोडणीला रिव्हर्स बायस म्हणतात. तिचा फायदा वेगाचा. उलट व्होल्टेजने डिप्लीशन थर रुंद होतो, आणि थर रुंद झाला की डायोडची कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवायची क्षमता, उतरते. बीपीडब्ल्यू३४ मध्ये ती शून्य व्होल्टला सुमारे ७० पिकोफॅरड असते आणि तीन व्होल्टला २५ वर येते. फोटोकरंट हा बारीक नळ समजा आणि कपॅसिटन्स हे त्याखालचं पिंप: पिंप जेवढं रुंद, तेवढी पाण्याची पातळी वर यायला वेळ. मोठ्या चिपचा डायोड जास्त उजेड गोळा करतो पण सुस्त असतो, याचंही कारण हेच.

आकड्यांत पाहू. २५ पिकोफॅरड आणि १ मेगओहम म्हणजे २५ मायक्रोसेकंदांचा कालस्थिरांक, वारंवारतेत सुमारे ६ किलोहर्ट्झ. रिमोटचा संकेत ३८ किलोहर्ट्झवर लुकलुकतो, तो यात पुसला जाईल. रेझिस्टर १०० किलोओहमचा केला की मर्यादा ६४ किलोहर्ट्झवर जाते आणि संकेत दिसू लागतो. ऑसिलोस्कोप जोडाल तर प्रोबची आणि वायरची कपॅसिटन्सही या हिशेबात धरा. लांब वायरने सगळा फायदा घालवता येतो.

ऑसिलोस्कोप नसेल तर वेग कानाने तपासा. रेझिस्टरवरचा संकेत ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून संगणकाच्या स्पीकरच्या इनपुटला द्या आणि आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. स्वस्त ड्रायव्हरच्या एलईडी बल्बखाली डायोड नेला की १०० हर्ट्झची घुमघुम ऐकू येते, चांगल्या बल्बखाली ती बरीच दबलेली असते. रिमोटचं बटण दाबा, टरटर ऐकू येईल. ३८ किलोहर्ट्झ कानाला ऐकू येत नाहीत, ऐकू येतात ते त्यांचे गठ्ठे. मुलांना घेऊन बसा या प्रयोगाला. घरातला प्रत्येक दिवा वेगळ्या आवाजात बोलतो आणि मग डायोड त्यांच्या हातातून सुटत नाही.

रिव्हर्स बायसची किंमतही आहे. पूर्ण अंधारातही थोडा करंट गळतो, त्याला डार्क करंट म्हणतात. बीपीडब्ल्यू३४ ला दहा व्होल्ट उलट दिले तर तो सामान्यतः दोन नॅनोअँपिअर असतो, पण दर १० अंश सेल्सिअसला ढोबळमानाने दुप्पट होतो. वातानुकूलित खोलीत बसवलेलं सर्किट मे महिन्यात गच्चीवर नेलं की शून्य सरकतं ते यामुळे. अगदी मंद उजेड मोजायचा असेल तर बायस शून्य ठेवणंच योग्य.

पायरी ५: ऑप-ॲम्प लावा

वेग आणि संवेदनशीलता एकत्र हवी असेल तर रेझिस्टर एकटा पुरत नाही. इथे येतो ट्रान्सइम्पिडन्स ॲम्प्लिफायर. नाव मोठं आहे, जोडणी छोटी. ऑप-ॲम्पचा अधिक इनपुट जमिनीला. डायोडचा ॲनोड जमिनीला, कॅथोड उणे इनपुटला. उणे इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये १ मेगओहम. पुरवठ्याच्या दोन पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एमसीपी६००२ चा पुरवठा सहा व्होल्टच्या पुढे नेऊ नका.

मघाची दिशा आठवा: करंट बाहेरून कॅथोडमध्ये शिरतो. तो उणे इनपुटच्या बिंदूतून ओढला जातो. ऑप-ॲम्पचं इनपुट स्वतः काही देत नाही, म्हणून तो सगळा करंट मेगओहममधून आउटपुटकडून यावा लागतो, आणि त्यासाठी आउटपुट अधिककडे चढतं. एका मायक्रोअँपिअरला एक व्होल्ट. डायोडच्या दोन पायांमधलं व्होल्टेज मात्र ऑप-ॲम्प शून्याजवळ धरून ठेवतो, म्हणजे पायरी ३ मधलं शॉर्ट करणं आता आपोआप होतंय, आणि पिंप भरण्याची वाट पाहावी लागत नाही.

मेगओहमला समांतर काही पिकोफॅरडचा कपॅसिटर लागतो, नाहीतर डायोडच्या कपॅसिटन्समुळे ऑप-ॲम्प स्वतःच थरथरू लागतो. वाचन उगाच हलतंय, हात जवळ नेला की बदलतंय, असं दिसलं तर आधी हा कपॅसिटर पाहा. एलएम३५८ सगळीकडे मिळतो, पण त्याचं इनपुट दहा-वीस नॅनोअँपिअर किंवा जास्तच खातं, मंद उजेडात तेवढाच आपला संकेत असतो. एमसीपी६००२ चं इनपुट खोलीच्या तापमानाला एका पिकोअँपिअरच्या घरात असतं, म्हणून मी तो सुचवला.

आता प्रकार

साधा पी-एन डायोड आपण पाहिलाच: पातळ थर, थराबाहेर जन्मलेल्या जोड्या उशिरा येणार. यावरचा उपाय म्हणजे पिन. पी आणि एन यांच्यामध्ये जवळजवळ शुद्ध सिलिकॉनचा जाड थर घातला की क्षेत्र त्या पूर्ण जाडीवर पसरतं, खोल जाणारा अवरक्त प्रकाशही क्षेत्राच्या आतच शोषला जातो, आणि दोन टोकं लांब गेल्याने कपॅसिटन्स कमी होते. एकाच बदलाने तीन फायदे, म्हणून आज बाजारातले बहुतेक फोटोडायोड पिन आहेत. आपला बीपीडब्ल्यू३४ सुद्धा पिनच. टीव्हीमधला तीन पायांचा रिसिव्हर म्हणजे पिन डायोड, ॲम्प्लिफायर आणि ३८ किलोहर्ट्झचं फिल्टर एका डबीत.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्येही सिलिकॉनचा डायोड असतो. ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त असे दोन एलईडी आळीपाळीने चमकतात आणि एकच डायोड दोघांना पाहतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त या दोन रंगांना वेगळं शोषतं. करंटचा जो भाग नाडीबरोबर हलतो तेवढाच घेतला की त्वचा आणि हाड हिशेबातून बाहेर जातात. ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडली. कोविडच्या काळात घराघरांत पोहोचलेली ती डबी सरळ रेषेतल्या करंटवर उभी आहे.

सिलिकॉन जिथे आंधळं होतं तिथे पदार्थ बदलावा लागतो. घरी फायबरचं इंटरनेट असेल तर भिंतीवरच्या डबीत येणारा प्रकाश बहुतेक वेळा १४९० नॅनोमीटरचा असतो. त्या फोटॉनची ऊर्जा ०.८३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सिलिकॉनला काचेसारखी आरपार. तिथे इंडियम गॅलियम आर्सेनाइड वापरतात, त्याला सुमारे ०.७५ पुरतात आणि तो जवळपास १७०० नॅनोमीटरपर्यंत पाहतो. त्या डबीच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २० डीबीएम दिसत असेल तर ते १० मायक्रोवॅट झाले, आणि आतल्या डायोडमध्ये अंदाजे नऊ मायक्रोअँपिअर वाहतायत. टेबलावरच्या प्रयोगातलाच हा करंट, फक्त सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होणारा. समुद्राखालून येऊन वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबलमध्ये १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश असतो, कारण काचेच्या तंतूत तिथेच सर्वांत कमी तूट होते. त्या टोकालाही हाच पदार्थ लागतो. फायबरच्या उघड्या टोकात कधीही डोकावू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्यात शिरतो.

जर्मेनियमही अवरक्तात पाहतो, मात्र त्याचा डार्क करंट फार जास्त. उलट्या बाजूला, अतिनीलासाठी सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइडचे डायोड येतात. त्यांना तीन इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे दृश्य उजेड त्यांना दिसतच नाही आणि फिल्टरची गरज राहत नाही.

उजेडच इतका कमी असेल की ॲम्प्लिफायरचा गोंगाट त्याला गिळून टाकतो, तर वाढ डायोडच्या आतच करावी लागते. ॲव्हलांच फोटोडायोडला सिलिकॉनमध्ये सहसा शंभर-दोनशे व्होल्ट उलट देतात. क्षेत्र इतकं तीव्र होतं की सुटलेला इलेक्ट्रॉन धावता धावता दुसऱ्याला धडकून सोडवतो, ते दोघे पुढे आणखी. एका इलेक्ट्रॉनचे शंभर होतात. लेझरने अंतर मोजणारी उपकरणं आणि लांब पल्ल्याचे फायबर रिसिव्हर यांत तो असतो. पण ही वाढ तापमानाबरोबर बदलते, व्होल्टेज सतत सांभाळावं लागतं, आणि धडकांचा योगायोग स्वतःचा गोंगाट घेऊन येतो. नवशिक्याने याच्या वाटेला जाऊ नये. एवढं व्होल्टेज बोटालाही धोकादायक आहे.

याच डायोडला फुटण्याच्या (ब्रेकडाउन) व्होल्टेजच्या, म्हणजे ज्याच्या पुढे तो उलट दिशेनेही मोकाट वाहू लागतो त्याच्याही, वर नेऊन ठेवलं तर एकच फोटॉन पूर्ण प्रवाह सुरू करतो. मग तो थांबवून डायोड पुन्हा सज्ज करावा लागतो. याला स्पॅड म्हणतात, आणि अशा हजारो छोट्या स्पॅडची जाळी म्हणजे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर. आनंदाची गोष्ट अशी की हे तंत्र आता आपल्या हाताशी आलंय. व्हीएल५३एल०एक्स हा अंतर मोजणारा छोटा मॉड्यूल छंदाच्या दुकानांत मिळतो. तो ९४० नॅनोमीटरचा लेझर सोडतो आणि परत आलेले फोटॉन स्पॅडवर झेलून दोन मीटरपर्यंतचं अंतर वेळेवरून काढतो. उच्च व्होल्टेज तो आतच सांभाळतो.

शॉट्की फोटोडायोडमध्ये पी थराऐवजी पातळ धातू असतो. जंक्शन थेट पृष्ठभागावर येतं, म्हणून अतिनील प्रकाश आणि फार मोठा वेग अशा कामांत तो दिसतो. छंदाच्या कामात त्याची गरज सहसा पडत नाही. चार भागांत कापलेला डायोड प्रकाशाचा ठिपका कुठे सरकला ते चार करंटच्या फरकावरून सांगतो, सीडी प्लेयरची लेन्स तशीच जागेवर राहत असे. फोटोट्रान्झिस्टर शेकडो पट करंट देतो, पण हळू आणि सरळ रेषा सोडून. कागद आडवा आला की नाही, एवढंच विचारायचं असेल तर तो उत्तम.

पैसे न खर्चता करायचा एक प्रयोग: साधा लाल एलईडी मायक्रोअँपिअरवर लावून उन्हात धरा. तोही फोटोडायोडसारखा थोडा करंट देतो, आणि स्वतः सोडतो त्यापेक्षा लांब तरंगलांबीला जवळजवळ प्रतिसाद देत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या एलईडींतून रंग ओळखणारं साधन बनवता येतं.

पावसाळ्यातली काळजी

मुंबईत जून ते सप्टेंबर हा नॅनोअँपिअरचा शत्रू आहे. पाच व्होल्टला एक नॅनोअँपिअर गळायला पाच गिगओहमचा मार्ग पुरतो, आणि दमट हवेत सोल्डरचा फ्लक्स राहिलेला बोर्ड त्याहून वाईट होऊ शकतो. किनाऱ्याजवळ राहत असाल तर क्षारही त्यात भर घालतात. ब्रेडबोर्डवर मंद उजेडाची मोजमापं या दिवसांत करू नका. बोर्ड आयसोप्रॉपिल अल्कोहोलने धुऊन नीट वाळवा. ऑप-ॲम्पचा उणे इनपुटचा पाय बोर्डात न घालता थोडा वर वाकवा आणि डायोडचा कॅथोड, मेगओहम आणि छोटा कपॅसिटर हवेतच त्याला सोल्डर करा. दिसायला ओबडधोबड, पण हवेतून गळती जवळजवळ होत नाही.

मोजमापाच्या प्रत्येक बैठकीत सुरुवातीला आणि शेवटी डायोडवर काळी टोपी ठेवून अंधाराचं वाचन लिहा, आणि मधल्या सगळ्या वाचनांतून ते वजा करा. टोपी म्हणून काळी इन्सुलेशन टेप दोन पदरी गुंडाळलेली चालते. पातळ काळं प्लास्टिक चालत नाही, कारण पुष्कळसं काळं प्लास्टिक अवरक्ताला पारदर्शक असतं. टेपही खात्रीची आहे का ते रिमोट त्यावर रोखून एकदा बघून घ्या.